गावाच्या नावाने, गावावाचून



या व्यासपीठावर येणारा वक्ता बहुधा प्राध्यापक असतो, वकील असतो, निदान पदवीधर तरी असतो. आम्ही यांपैकी कोणी नाही. आमचे वडील गिरणी कामगार होते. आमची शाळा दहावीला सुटली, आणि पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि विडी वळणाऱ्या बायांच्या ओसरीवर. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "एका युद्धपटाविषयी बोलू." त्यांस नवल वाटले. कामगार चळवळीतला माणूस बोनसविषयी बोलेल, महागाईविषयी बोलेल. हा सिनेमाविषयी काय बोलणार? परंतु गेली काही वर्षे एक चित्रपट आमच्या मनातून जात नाही, आणि त्याचे कारण त्या चित्रपटात नसून आमच्या स्वतःच्या कामात आहे. ते कारण आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

युद्धपट म्हटले की रणगाडे, विमाने आणि सरहद्द आपल्या डोळ्यांपुढे येते. आम्ही ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहोत त्यात यांतले काही नाही. त्यात एक सरकारी कारकून आहे, एक मतदानयंत्र आहे आणि एक जळलेले गाव आहे. अमित मसुरकर या दिग्दर्शकाचा 'न्यूटन' हा तो हिंदी चित्रपट. २०१७ च्या सप्टेंबरात तो प्रदर्शित झाला आणि ऑस्करसाठी भारताने त्या वर्षी तोच पाठविला. सीताबर्डीवरच्या एका चित्रपटगृहात आम्ही तो चार सहकाऱ्यांबरोबर पाहिला. मध्यंतरात एकजण म्हणाला, "यात लढाई कुठे आहे?" चित्रपट संपल्यावर मात त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. जाहीर न झालेली लढाईही लढाईच असते, आणि ती ज्यांच्या अंगणात चालते त्यांस ती कोणी जाहीर करून सांगावी लागत नाही.

गोष्ट अशी आहे. छत्तीसगढच्या जंगलात निवडणूक व्हावयाची आहे. ठरलेला अधिकारी जावयास नकार देतो, म्हणून राखीव यादीतल्या न्यूटन नावाच्या तरुण कारकुनास पाठविले जाते. मतदार अवघे ७६. हेलिकॉप्टरने छावणीपर्यंत, आणि तेथून केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या पहाऱ्यात पायी. मतदान केंद्र म्हणजे एक ओस पडलेली शाळा. तिच्या भिंतींवर निवडणुकीविरुद्ध घोषणा रंगविलेल्या आहेत. आजूबाजूची घरे जळून गेली आहेत. सकाळ जाते, दुपार होते, एक माणूस येत नाही. मग एक परदेशी वार्ताहर आणि वरिष्ठ अधिकारी पाहणीस येणार असा निरोप येतो, आणि जवान जाऊन घराघरांतून माणसे उठवून आणतात. रांग लागते. छायाचित्रे निघतात. लोकशाही साजरी होते.

त्या रांगेतल्या माणसांना उमेदवार ठाऊक नाहीत, यंत्र ठाऊक नाही. कारकून त्यांना समजावू लागतो, तेव्हा त्यांचा प्रश्न साधा असतो: यातून आम्हाला काय मिळणार? त्या प्रश्नास कारकुनाजवळ उत्तर नाही. लष्करी खाक्याच्या अधिकाऱ्याजवळ मात्र आहे. तो सांगतो की हे एक खेळणे आहे, कोणतेही बटण दाबा आणि घरी जा. तेथेच गावातली एक आदिवासी शिक्षिका आहे, मलको तिचे नाव. कारकून तिला विचारतो, तू निराशावादी आहेस काय? ती उत्तरते की ती आदिवासी आहे. जे वाद आपण सभांतून मांडतो त्यांच्या यादीत तिला स्वतःचे नाव कुठेच सापडलेले नाही, हे एवढ्यात कळते.

दिग्दर्शकाने त्या अधिकाऱ्यास खलनायक केलेले नाही, हे आम्हाला विशेष वाटले. त्याला आपली माणसे जिवंत परत न्यावयाची आहेत. तो आपली बंदूक त्या कारकुनाच्या हाती देतो आणि म्हणतो, जड आहे ना? हा देशाचा भार आहे. पुढे मतदान लवकर आटोपावे म्हणून जवानच लटका गोळीबार करतात आणि हल्ला झाल्याचा देखावा उभा करतात. कारकुनास ते उमगते. वाटेत चार गावकरी भेटलेले असतात. त्यांचे मत नोंदविले गेलेच पाहिजे म्हणून हा सज्जन, नियमाने चालणारा माणूस बंदूक हिसकावून घेतो आणि जवानांवरच रोखून उभा राहतो. नियमाप्रमाणे तीन वाजेपर्यंत.

टाळ्या तेथेच पडल्या. आम्हीही वाजविल्या. परंतु घरी जाताना विचार आला की आपण कशाला टाळ्या वाजविल्या? पहिल्या बाजूने गावाच्या नावाने बंदूक उचलली होती. दुसऱ्या बाजूने गावाच्या रक्षणासाठी म्हणून उचलली. शेवटी तिसरा, अगदी प्रामाणिक मनुष्य, तोही गावाच्या हक्कासाठी बंदूकच उचलतो. आणि गाव? गाव उभेच आहे. त्याने कोणालाही तसे करावयास सांगितलेले नाही.

असे चित्रपट जगात इतरत्रही झाले आहेत. कोरियातील इम क्वॉन-तेक या दिग्दर्शकाने १९९४ साली 'तेबेक पर्वतरांग' या अर्थाच्या नावाचा एक मोठा चित्रपट काढला. एका कादंबरीवरून घेतलेला. काळ १९४८ च्या योसू-सुंचॉन बंडापासूनचा, स्थळ बॉलग्यो नावाचा दक्षिणेकडचा भाग. त्यात दोन सख्खे भाऊ आहेत. एक कम्युनिस्टांच्या पथकाचा पुढारी, दुसरा त्यांच्या कट्टर शत्रूंच्या टोळीत. दिवसा पोलिसांचे राज्य, रात्री डोंगरातल्यांचे. आज एका बाजूने माणसे मारली की उद्या दुसरी बाजू त्यांचा सूड उगवते. पण त्या वैराच्या मुळाशी पाहू गेलो तर पोथ्यांतले तत्त्वज्ञान दिसत नाही. तेथे दिसते ती कुळाची जमीन आणि जमीनदाराने न्यावयाचा धान्याचा वाटा. भांडण पोटाचे असते. ते पोटाच्या पातळीवर मिटले नाही की वरून कोणीतरी येऊन त्यास नाव देतो, झेंडा देतो, आणि मग ते भांडण गावाचे राहत नाही.

आता कोरियाहून आपल्या घरी येऊ. घरी म्हणजे नागपूरपासून एका दिवसात जाऊन परत येता येईल इतके जवळ. १९८० साली आंध्रातून नक्षलवाद्यांची पहिली पथके सिरोंचा तालुक्यात उतरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण कार्यकर्ता मोयाबिनपेठा येथे पोलिसांच्या गोळीने मेला. गडचिरोली हा जिल्हा त्यानंतर, १९८२ च्या ऑगस्टात, चंद्रपुरातून वेगळा झाला. म्हणजे जिल्ह्याचे वय त्या लढाईहून कमी आहे.

ही माणसे आली तेव्हा त्यांनी मार्क्स किंवा माओ वाचून दाखविला आणि गाव त्यांच्या मागे गेले, असे कोणी समजत असेल तर ते खरे नाही. त्यांनी पानांचा भाव विचारला. तेंदूपत्त्याचा हंगाम कसा असतो हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक नसेल. आधी खुटकटाई होते. मग कोवळी पालवी फुटते, आणि मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन आठवडे घरातली सर्व माणसे पहाटे जंगलात जातात. दुपारी घरी येऊन ७० पानांचे एक पुडके बांधायचे. संध्याकाळी ती पुडकी फळीवर नेऊन मोजून द्यायची. मोजणारा ठेकेदाराचा मुन्शी. पान लहान आहे, फाटके आहे, असे म्हणून तो किती पुडकी बाजूला काढील ते त्याचे त्याला माहीत. वर्षभरात रोख पैसा हाती येतो तो या थोड्या दिवसांत, आणि तोच मुन्शीच्या बोटांवर अवलंबून. १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारने आपल्या ताब्यात घेतला, तरी फळीवरचा मुन्शी होता तसाच राहिला.

आता आमच्याकडे पाहा. तेंदूच्या त्याच पानाची नागपूर, कामठी, गोंदिया येथे विडी होते. विडी वळणाऱ्या कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. त्यांच्या युनियना होत्या, मोर्चे होते, भविष्यनिर्वाह निधीसाठी खटले होते. ते पान वळणारे हात आम्हाला दिसत होते. ते तोडणारे हात आम्हाला दिसले नाहीत. पान एकच, शहराच्या वेशीच्या आत ते कामगाराचे काम होते आणि वेशीबाहेर ते नुसते आदिवासींचे पोट भरणे होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, तिशीत असताना, आम्ही पहिल्यांदा एटापल्लीकडच्या एका फळीवर गेलो. कामगारांची गणना करावी, संघटना बांधता येते का ते पाहावे, असा हेतू. एक म्हातारी पुडकी रचीत बसली होती. आम्ही आपले भाषण सुरू केले. संघटित व्हा, भाव मागा, वगैरे. तिने पूर्ण ऐकून घेतले. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "भाव तर दादालोकांनी वाढवून देल्ला. तवा तुमी कुठं होते भाऊ?"

बंधुभगिनींनो, आजवर मालकांच्या वकिलांनी आम्हाला पुष्कळ प्रश्न विचारले. कोणत्याच प्रश्नाने आम्ही असे गप्प झालो नाही.

तिचे म्हणणे खरे होते. दर वाढला होता, आणि तो बंदुकीच्या धाकाने वाढला होता. ही गोष्ट नाकारून कोणताही प्रामाणिक मनुष्य गडचिरोलीचा इतिहास सांगू शकणार नाही. परंतु तिने दुसरी गोष्टही सांगितली. आम्ही विचारले, यंदाचा दर कसा ठरला? तिला ठाऊक नव्हते. फळीवर कोणालाच ठाऊक नव्हते. दर ठरला होता ठेकेदार आणि दलम यांच्यात, जंगलात कुठेतरी. ठेकेदाराने दलमला खंडणी द्यायची, दलमने हंगाम पार पडू द्यायचा, आणि मधल्या हिशेबात पुडक्याचा दर. तेंदूच्या ठेक्यातील ही खंडणी नक्षलवाद्यांच्या पैशाचा एक मोठा झरा होती, हे आता सर्वांस ठाऊक आहे. कामगार चळवळीत आम्ही एकच गोष्ट नीट शिकलो आहोत: करार हाती आला की आधी आकडा पाहू नये, आधी खाली सही कोणाची आहे ते पाहावे. त्या करारावर म्हातारीची सही नव्हती. ज्याने आज भाव वाढवून दिला तो उद्या तिच्या मुलास दलममध्ये मागू शकत होता, आणि तिच्याजवळ नाही म्हणावयास जागा नव्हती.

पुढे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांतून वाचीत आलो. खबऱ्या म्हणून पोलिस पाटील मारले गेले, साधे शेतकरी मारले गेले. दुसऱ्या बाजूने, दलमला भाकरी दिली म्हणून माणसे पोलिस ठाण्याच्या फेऱ्या मारू लागली. रात्री जो बंदूक घेऊन दारात येतो त्याला भाकरी नाकारणार कोण? गावबंदीचे ठराव झाले. काही गावांनी मनापासून केले असतील, काहींनी भीतीने. एकाच घरातला एक मुलगा पोलिसात आणि दुसरा दलममध्ये, अशीही घरे झाली. कोरियाच्या पडद्यावरचे दोन भाऊ पाहावयास आपल्याला कोरियाला जाण्याची गरज नव्हती.

२०१९ च्या १ मे रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ सुरुंगाने एक वाहन उडविले गेले. १५ पोलिस मेले आणि गाडीचा चालक मेला. १ मे हा कामगार दिन. त्या सकाळी आम्ही येथे नागपुरात झेंडावंदन करून कामगारांच्या एकजुटीविषयी बोललो होतो. तो चालक भाड्याच्या गाडीवर पोट भरणारा माणूस होता. ज्यांनी सुरुंग लावला तेही स्वतःस कामगारांचे म्हणवीत होते. त्या दिवसापासून १ मे चे भाषण करताना आमचा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

येथवर आम्ही दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता आमचा सांगावयाचा आहे, नाहीतर या भाषणास काही अर्थ उरणार नाही. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी विडी वळणाऱ्या बायांचा मजुरीचा तंटा आम्ही चालवीत होतो. बोलणी लांबली. एका रात्री मालकपक्षाने हजारी विड्यांमागे चांगली वाढ देऊ केली, परंतु सही आत्ताच झाली पाहिजे अशी अट घातली. आम्ही सही केली. बायांना सकाळी सांगू, त्या खूशच होतील, असे वाटले. सकाळी त्या खूशही झाल्या. महिन्याने एकजण कचेरीत आली आणि छाट विड्यांची टोपली आमच्या टेबलावर पालथी घातली. दर वाढला होता, पण कारखान्यात नापास करून काढलेल्या विड्याही वाढल्या होत्या, आणि त्या छाटीविषयी करारात एक अक्षर नव्हते. कोणत्याही बाईने ते आम्हाला पाच मिनिटांत सांगितले असते. आम्ही विचारलेच नव्हते. आमच्या हातात बंदूक नव्हती एवढेच. बाकी आम्ही जे केले ते त्याच जातीचे होते: त्यांच्या नावाने, त्यांच्यावाचून.

म्हणून न्यूटनचा तो शेवट आम्हाला टोचतो. आणि म्हणूनच तो चित्रपट जेथे चित्रित झाला त्या जागेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती जागा म्हणजे छत्तीसगढमधील दल्ली-राजहरा, भिलाईच्या पोलाद कारखान्यास लोहखनिज पुरविणाऱ्या खाणींचे गाव. १९७७ साली तेथे प्रस्थापित युनियनांनी एक बोनसचा करार मान्य केला. कायम कामगारांना एक रक्कम आणि ठेकेदारीतल्या कामगारांना तिच्याहून फारच कमी. ठेकेदारीतल्या कामगारांनी तो करार झुगारला, आणि आणीबाणीच्या तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या शंकर गुहा नियोगी यांना आपल्यामध्ये आणले. छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. जूनच्या २ व ३ तारखांना गोळीबार झाला, ११ माणसे मेली. त्या संघटनेने सूड म्हणून कोणाला मारले नाही. तिने दारूबंदीची मोहीम काढली. कामगारांनी स्वतःच्या श्रमाने आणि वर्गणीने रुग्णालय बांधले; १९८३ साली ते उघडले आणि त्याचे नाव शहीद रुग्णालय ठेवले. त्यांचा झेंडा लाल आणि हिरवा, कामगाराचा आणि शेतकऱ्याचा. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत असताना नियोगींचा गोळी घालून खून झाला. ज्या मातीत 'न्यूटन'मधले मुके गाव चित्रित झाले, त्या मातीतली माणसे पूर्वी एकदा मोठ्याने बोलली होती, एवढेच आम्हाला आपल्या लक्षात आणून द्यावयाचे आहे.

असेच एक उदाहरण गडचिरोलीतही आहे. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे सुमारे ५०० वस्तीचे गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, आणि त्यांच्याबरोबर काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल, यांची नावे आपण ऐकली असतील. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसायचे. याला वेळ लागतो. आम्ही स्वतः त्या पद्धतीने एक संप चालवू शकू की नाही याची शंका आहे. परंतु परिणाम पाहा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्या गावास सामूहिक हक्क मिळाला. बांबू कापून विकण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. वनखाते तो देईना, तेव्हा गाव अडून बसले, आणि २०११ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले व परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. त्यासाठी कोणावर बंदूक रोखावी लागली नाही. २०१४ च्या पेसा नियमांनंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव आपल्या आपण करू लागल्या. त्या सर्व नीट चालतात असे आम्ही म्हणत नाही. ठेकेदार त्यांनाही फसवितो. पण फसविले गेल्यावर वही उघडून विचारता येते. दलमच्या करारात वहीच नव्हती.

२०२५ च्या ऑक्टोबरात भूपती या नावाने ओळखला जाणारा नक्षलवाद्यांचा मोठा नेता ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवून शरण आला. पुष्कळांस हायसे वाटले; आम्हासही वाटले. परंतु एक बंदूक खाली पडली म्हणजे तिच्याआधीचा प्रश्न सुटला असे होत नाही. सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघत आहे, रस्ते होत आहेत, माणसे ठेकेदारीवर लागत आहेत. त्यांच्या मजुरीचे करार होतील. त्यांखाली सही कोणाची असेल? चित्रपटातल्या त्या रांगेने विचारलेला प्रश्न, यातून आम्हाला काय मिळणार, हा उद्या पुन्हा विचारला जाईल. त्या वेळी उत्तर द्यावयास आपण कोणी तेथे नसलो, तर ते उत्तर देणारा दुसरा कोणी जंगलातून येईल. तो कोणत्या रंगाचा झेंडा आणील हे आज सांगता येणार नाही.

नागपूर हे वादांचे शहर आहे. येथे सर्व विचारांची घरे आहेत, आणि प्रत्येक घराला गावाचे भले कशात आहे ते ठाऊक आहे. आमच्याही युनियनला ते ठाऊक होते. आपणांस विनंती एवढीच की, कोणीही गावाच्या वतीने, कामगाराच्या वतीने, गरिबाच्या वतीने बोलू लागला, आमच्यासारखा व्यासपीठावर उभा राहून बोलू लागला तरीही, त्याला आधी विचारा की, तुम्ही त्यांना विचारले काय? कधी विचारले, कोठे बसून विचारले, आणि ते नाही म्हणाले असते तर तुम्ही काय केले असते?

त्या टोपलीनंतर आमच्या युनियनने एक नियम केला आहे. कोणत्याही करारावर सही होण्यापूर्वी तो बायांच्या सभेत मोठ्याने वाचला जातो, आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिला आधी बोलू दिले जाते. त्यामुळे दोन तंटे आम्ही हरलो, कारण मालक तेवढा थांबला नाही. ते आम्ही आमच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले आहे. फळीवरची ती म्हातारी आता असेल किंवा नसेल. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून आमच्याकडून देणे आहे.